कोपऱ्यात नाक पळतंय की शेपूट सुटतंय? पुढच्या-मागच्या टायरच्या रुंदीचा घोळ कसा सोडवायचा

पाऊस ओसरला, जांबोटी-कणकुंबीकडचा रस्ता जरा वाळला की बेळगावात हा प्रश्न हमखास सुरू होतो. "दादा, मागं रुंद टायर घातले, दिसायला लई भारी झालीय, पण गाडी आता कोपऱ्यात वळंना झालीय." नाहीतर उलटं, "घाटात अॅक्सिलेटर सोडला की मागनं हलतीय, काय करू?" आणि दोघांनीही उपाय आधीच ठरवलेला असतो, आणखी रुंद टायर. टायरवाल्याला काय, तो विकायलाच बसलाय, तो नाही कशाला म्हणेल.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, पटलं तर पुढं वाचा. पुढची आणि मागची रुंदी वेगळी ठेवणं हा गाडीच्या वजनाचा आणि ओढीचा, म्हणजे इंजिनाची ताकद कुठल्या चाकांना जाते त्याचा, हिशोब आहे, तो दिसण्यासाठी करायचा प्रकार नाही. कंपनीने चारी टायर एका मापाचे दिले असतील तर बहुतेक वेळा ते एकाच मापाचे राहू द्यावेत, आणि कंपनीने वेगळे दिले असतील तर त्यातला फरक स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये. आणि रुंदीला हात लावायच्या आधी बाकीच्या चार स्वस्तातल्या गोष्टी बघून घ्याव्यात, कारण निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

आधी कुठलं टोक सुटतंय ते नक्की करा. "गाडी नीट वळत नाही" हे काही निदान नव्हे. स्टीअरिंग जास्त फिरवलं तरी गाडी तेवढी आत येत नाही, नाक बाहेरच्या बाजूला ओढलं जातंय, स्टीअरिंग हलकं पडल्यासारखं वाटतंय, हे झालं अंडरस्टीअर. पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा मधल्या नक्षीपेक्षा जास्त घासलेला दिसला तर ही तक्रार जुनी आहे असं समजा. मागचा भाग बाहेर पळतोय, स्टीअरिंग उलटं द्यावं लागतंय, पोटात गोळा येतोय, हे ओव्हरस्टीअर. आता ते कोपऱ्यात शिरताना होतंय, मधे होतंय की बाहेर पडताना गॅस दिल्यावर होतंय, हे पण लक्षात ठेवा. शिरताना ब्रेक धरून वळणारा माणूस कुठल्याही टायरवर नाक बाहेरच काढणार, तिथं टायरचा दोष नाही. फ्रंट व्हील ड्राईव्ह, म्हणजे पुढची ओढ असलेल्या, हॅचबॅकमध्ये कोपऱ्यात मधेच दचकून गॅस सोडला तर वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट सुटतं, तिथंपण आधी पाय सुधारायचा, टायर नंतर. डॅशबोर्डवरचा ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा कोपऱ्यात लुकलुकत असेल तर गाडी घसरतीय आणि कॉम्प्युटर सावरतोय, तुम्हाला कळत नाहीय एवढंच.

हे सगळं चोर्ल्यात किंवा वंटमुरी घाटात तपासायचं नाही. समोरनं ट्रक येत असतो, वळणावर म्हशी बसलेल्या असतात. मोकळं मैदान, मालकाची परवानगी, चार प्लॅस्टिकचे कोन मांडून एक गोल, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू वेग वाढवत जायचं. तेवढ्या वेगात पण कुठलं टोक आधी हार मानतंय ते स्पष्ट कळतं.

आता स्वस्तातल्या गोष्टी. पहिली हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढची-मागची हवा वेगळी लिहिलेली असते, आणि आपल्याकडं पंपावरचा पोरगा चारीत ३५ पौंड (पीएसआय) ठोकतो, विचारतसुद्धा नाही. हवा थंड टायरमध्ये बघायची, हायवेवरनं कोगनोळीपर्यंत जाऊन आल्यावर नाही, कारण गरम टायरमध्ये हवा सहज चार-पाच पौंड जास्त दाखवते. खडूची एक युक्ती आहे, फुकटची. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, नक्षी संपून भिंत सुरू होते तिथं, खडूने आडवी जाड रेघ मारायची, त्या मैदानात दोन-चार गोल मारायचे आणि उतरून बघायचं. खडू नक्षीच्या कडेपर्यंत पुसला गेला तर ठीक. भिंतीवरपण खाली उतरून पुसला गेला असेल तर टायर वळताना आडवा पडतोय, त्या अॅक्सलला, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीला, दोन पौंड वाढवा आणि परत बघा. कडेपर्यंत पोचलाच नाही तर हवा जास्त आहे. एका वेळी एकाच अॅक्सलची हवा बदलायची, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही. गाडी पुढनं ढकलतीय म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत पुढची हवा कमी, एवढंच निघतं.

दुसरी टायरची जन्मतारीख. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पुढं या वर्षीचे आणि मागं सहा-सात वर्षांपूर्वीचे कडक झालेले टायर असतील, तर मागच्याची नक्षी कितीही भरलेली दिसू दे, रबर लाकडासारखं झालेलं असतंय. तिसरी गोष्ट, पुढं एका कंपनीचे आणि मागं दुसऱ्याच कंपनीचे. पुढं मऊ स्पोर्ट टायर आणि मागं टिकाऊ टूरिंग टायर घातले की रुंदी एकच असूनपण मागचं टोक आधी सुटणार. आणि दोनच नवीन घ्यायचे असतील तर नवीन जोडी मागं घाला, फ्रंट व्हील ड्राईव्ह असली तरी. यावर टायर दुकानात हमखास वाद होतो, "ओढ पुढं आहे मग नवीन पुढं नको का?" नको. पुढचं घसरलं तर तुम्हाला स्टीअरिंगमध्ये कळतं आणि वेग कमी केला की येतं ताळ्यावर, ओल्या रस्त्यावर मागचं सुटलं तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. टायर कंपन्यापण हेच सांगतात.

चौथी अलाईनमेंट, आणि तिथं मशीनचा कागद मागून घ्या. "झालं साहेब, ओके" एवढ्यावर उठायचं नाही. त्या कागदावर मागच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत ते, बघा. मागची चाकं बाहेर तोंड करून बसली असतील, म्हणजे टो-आउट, तर गाडी सरळ रस्त्यावरपण नाचणार आणि कोपऱ्यात शेपूट हलणार, त्याला तुम्ही २५५ मिलिमीटर रुंदीचा टायर घाला नाहीतर २७५ चा. साध्या हॅचबॅकमध्ये मागची दोन्ही चाकं जोडणारा बीम असतो, त्याचा टो फिरवून बसवता येत नाही, पण आकडा चुकीचा आला तर बीम किंवा हब कुठंतरी वाकलाय हे तरी कळतं. आपल्याकडच्या खड्ड्यांत ते काय अवघड नाही.

हे चारी करून झालं, तरी तक्रार तशीच आहे, मग रुंदीचं बोलू.

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकतं असं सगळ्यांना वाटतं, ते अर्धंच खरं. ढोबळ हिशोब करून बघा. एका चाकावर ३५० किलो वजन, हवा ३२ पौंड म्हणजे साधारण सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटीमीटर, भागाकार केला की साधारण १५५ चौरस सेंटीमीटर जागा टेकते. टायर २०५ चा असो की २२५ चा, हवा तीच असेल तर जागा जवळपास तेवढीच. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, साधारण १६ सेंटीमीटर रुंद आणि १० लांब, रुंद टायरचा ठसा आडवा, १८ रुंद आणि साडेआठ लांब. आडवा आणि आखूड ठसा वळताना कमी पिळवटतो, त्यामुळे तेवढ्याच बाजूच्या जोरासाठी टायरला कमी तिरकं व्हावं लागतं. टायरचं तोंड एकीकडं आणि प्रत्यक्ष चाल जरा दुसरीकडं, या दोन्हीमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. पुढच्याचा स्लिप अँगल मागच्यापेक्षा जास्त तर अंडरस्टीअर, मागच्याचा जास्त तर ओव्हरस्टीअर. सगळा खेळ एवढाच आहे. ज्या अॅक्सलला रुंदी द्याल त्याचा स्लिप अँगल कमी होतो, ते टोक घट्ट होतं, आणि दुसरं टोक त्या मानानं ढिलं पडतं. म्हणजे नुसतं मागं रुंद घातलं की गाडी अंडरस्टीअरकडं जाणारच, जाणार म्हणजे जाणारच.

दुसरी गोष्ट, टायरवर वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या टोकावर वजन जास्त, त्या टोकाला रबर जास्त द्यायचं. इंजिन कुठं बसलंय आणि ओढ कुठं आहे हे बघितल्याशिवाय रुंदीचं बोलूच नये.

कंपन्यांनी काय केलंय बघा. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागं लटकतं, साठ टक्क्यांहून जास्त वजन मागं, म्हणून तिच्या ९९२ पिढीच्या कॅरेराला पुढं २३५ आणि मागं २९५. इंजिन मधे असलेल्या ७१८ केमनला फरक कमी, २३५ आणि २६५. आणि माझ्दा एमएक्स-५? मागची ओढ, वजन जवळपास अर्धं-अर्धं, ताकद बेताची, चारी टायर एकसारखे, १९५ नाहीतर २०५. टोयोटा ८६ पण मागच्या ओढीची, चारी २१५. वळायला या दोन गाड्या किती मजेदार आहेत हे जगभर लोक सांगतात आणि दोघींचे टायर आपल्या शेजारच्या सेडानएवढे. ताकद वाढली की मागचा टायर वळणं आणि ढकलणं दोन्ही कामं एकदम करतो, तिथं मग मागं रुंदी लागते.

टोयोटाचीच एमआर२, दुसऱ्या पिढीची, इंजिन मधे. सुरुवातीला पुढं १९५, मागं २०५, १४ इंची चाकं. शेपूट झटक्यात सोडायची म्हणून बदनाम झाली. टोयोटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सस्पेन्शन सुधारलं, चाकं १५ इंची केली, पुढं १९५ च ठेवलं आणि मागं २२५ केलं. होंडा एस२००० चंपण तसंच, पहिल्या गाड्यांत २०५ आणि २२५, २००४ च्या सुधारित गाडीत २१५ आणि २४५, फरक २० वरनं ३० मिलिमीटर. दोन्ही ठिकाणी हेतू एकच, शेपूट शांत करणं. आणि दोन्ही ठिकाणी नुसते टायर बदलून भागलं नाही, सस्पेन्शनपण बदललं, हे आपले लोक सांगताना गाळतात.

सगळ्यात मजेशीर ऑडी आरएस३. नाकात जड पाच सिलिंडरचं इंजिन, त्यामुळे ऑडीने पुढंच रुंद टायर दिले. २०११ च्या गाडीत पुढं २३५ आणि मागं २२५, २०२१ च्या पिढीत पुढं २६५ आणि मागं २४५. "रुंद टायर मागंच शोभतात" म्हणणाऱ्याला हे एवढं उदाहरण पुरे.

आता आपल्याकडची गोष्ट. निपाणीच्या एका ओळखीच्या पोराची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, पुढची ओढ, चारी १९५/५५ आर १६, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. त्यानं मागं २१५/५० आर १६ घातले, पुढं तेच ठेवले. तसं बघितलं तर गणित बरोबर होतं, दोन्हीचा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास येतो, दिवे-बिवे काही लागले नाहीत, चाक पण कुठं घासत नव्हतं. पण पुढची ओढ असलेल्या गाडीत साठ टक्क्यांच्या वर वजन पुढं, ओढणं पुढं, वळणं पुढं, आणि नवीन रबर दिलं ते आरामात मागं फिरणाऱ्या चाकांना. तवंदी घाट उतरताना गाडी नाक बाहेर काढायला लागली. तो म्हणतो सस्पेन्शन खराब झालं, मिस्त्री म्हणतो स्टीअरिंग रॅक, खर्चाचा आकडा वाढत चालला. उपाय काय केला, मागचे २१५ काढून परत १९५ घातले, पुढं चांगल्या ग्रिपचे त्याच मापाचे टायर आणि मागं पण तेच मॉडेल, हवा स्टिकरप्रमाणे. गाडी परत वळायला लागली. त्याला आणखी धार पाहिजे असती तर चारी २०५ केले असते, नुसते मागचे कधीच नाही. अशा गाडीत मागचं टोक थोडं सैल करायचं असेल तर मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळताना गाडी एका बाजूला कलू न देणारी सळई, जाड करणं हा त्यातला त्यात शहाणा मार्ग, रुंदीपेक्षा कितीतरी नेमका, पण तो पावसात जपून वापरायचा प्रकार आहे.

दुसरी नेहमीची केस जुन्या बीएमडब्ल्यू ३ सिरीजची, ई९० पिढीची, सेकंडहँड बाजारात भरपूर फिरतात. १८ इंची चाकं असली तर कंपनीचं माप पुढं २२५/४० आणि मागं २५५/३५. मागचे संपले, बेळगावात २५५/३५ लगेच मिळाला नाही, दुकानदार म्हणाला "२४५/४० आहे, दहाचाच तर फरक, बसतंय की." बसतंय खरं. पण व्यास काढा. रुंदीला टक्क्याने गुणून दुप्पट करायचं आणि रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवायचं. २२५/४० आर १८ चा ६३७, २५५/३५ चा ६३६, म्हणजे पुढचं-मागचं जुळलं. २४५/४० चा होतो ६५३. मागचं चाक पुढच्यापेक्षा १६ मिलिमीटर मोठं, अडीच टक्के. एबीएसच्या कॉम्प्युटरला वाटतं पुढची चाकं सतत जास्त वेगानं फिरतायत, काहीतरी गडबड आहे, आणि ट्रॅक्शनचा दिवा लागतो, नाहीतर नको तिथं ब्रेक मारतो. मालक सेन्सर बदलत बसतो. चारी चाकांना ओढ असलेल्या गाडीत तर हे आणखी वाईट, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा मधला ट्रान्सफर केस कायम घासत राहतो, आणि तो बदलायचा खर्च टायरच्या चार सेटपेक्षा जास्त. तिथं थांबायचं, चार दिवस उशीर झाला तरी कोल्हापूर नाहीतर हुबळीहून बरोबर माप मागवायचं. ते खरंच मिळत नसेल तर चारी २२५ चा विचार करता येतो, पण मागच्या रिमची रुंदी बघून मगच.

रिमचं लोक विसरतातच. टायरच्या प्रत्येक मापाला रिमची रुंदी ठरलेली असते. २०५/५५ ला साडेपाच ते साडेसात इंच, २२५/४५ ला सात ते साडेआठ, २५५/३५ ला साडेआठ ते दहा. साडेसहा इंची मॅगव्हीलवर २२५ कोंबला की भिंती फुगतात, वळताना टायर आडवा पडतो, स्टीअरिंग दिल्यावर गाडी एक क्षण विचार करते मग वळते, म्हणजे पैसे घालून गाडी ढिली केली. त्यापेक्षा बरोबर रिमवरचा २०५ कधीपण चांगला. उलटं, रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची ती फॅशन, रविवारी सकाळी चहाला थांबलेल्या गाड्यांत दिसते एखादी, तिच्याबद्दल काय बोलायचं. खड्ड्यात रिमची कड सरळ दगडावर.

आपल्या भागाचं हवामान आणि रस्तेपण हिशोबात धरा. खानापूर, जांबोटी, चोर्ला, तिकडं आंबोली, पावसाची कमतरता नाही. रुंद टायरला समोरनं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. मागं २५५ आणि नक्षी अडीच मिलिमीटरवर आलेली, पुढं २२५ नवीन, असं कॉम्बिनेशन जूनमध्ये घेऊन निघालात तर मागचं टोक आधी तरंगणार, आणि ते कसं कळतं ते वर सांगितलंच. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण मी तीनच्या खाली गेलेला टायर पावसाळ्यात ठेवत नाही, रुंद असेल तर नाहीच. हंगामात निपाणी-चिकोडी-अथणीकडं उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर चिखल आणि उसाची चिपाडं सांडत जातात, त्यावर रुंद असो की अरुंद, कुठलाच टायर चालत नाही, तिथं फक्त हळू जायचं. आणि जड ट्रकांनी रस्त्यात पाडलेल्या चाकोऱ्या, पुढचा टायर रुंद झाला की त्या चाकोरीबरोबर स्टीअरिंग आपोआप ओढलं जातं. बऱ्याच जणांना वाटतं अलाईनमेंट गेली. गेलेली नसते, टायर रुंद झालाय.

मग घ्यायचं काय? पुढची ओढ असेल तर चारी एकसारखे, वाढवायचे तर चारी एक पायरी, म्हणजे १९५ चे २०५, त्याच्या पुढं रिम न बदलता जायचं नाही. मागची ओढ, इंजिन पुढं, ताकद दोनशे बीएचपीच्या आत, वजन अर्धं-अर्धं, तर चारी एकसारखे हेच मला आवडतात, टायर पुढचे-मागचे आलटून-पालटून झीज सारखी करता येते आणि गाडी काय करतीय ते हाताला जास्त कळतं. ताकद त्याच्या बरीच वर असेल किंवा इंजिन मधे-मागं असेल तर मागं २० ते ३० मिलिमीटर जास्त, आणि शक्यतो कंपनीनं जो फरक दिलाय तोच. शेपूट सुटतंय म्हणून फरक वाढवायचा मोह झाला तर आधी मागचे टायर नवीन आणि एकाच मॉडेलचे करून बघा. नाक पळतंय म्हणून पुढं रुंदी वाढवायची तर पुढचं स्टीअरिंग पूर्ण वळवून, मागं माणसं बसवून, आतला फेंडर लायनर (चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर) आणि स्ट्रट (सस्पेन्शनचा खांब) घासत नाही ना ते हाताने चाचपून बघा. दुकानात जॅकवर उचललेल्या गाडीत सगळंच बसतं.

माप ठरल्यावर दुकानात गेलात की रुंदीबरोबर लोड इंडेक्सपण वाचा, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी घ्यायचा नाही, ऑफर कितीही चांगली असू दे. स्पीडचं अक्षर पण तसंच, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. चारी टायरचे तारखेचे चार आकडे बसवायच्या आधी बघा, बसवल्यावर दुकानदार ऐकत नाही. मॅन्युअलमध्ये नसलेलं माप घालणार असाल तर आधी इन्शुरन्सवाल्याशी बोलून घ्या, क्लेमच्या वेळी सर्व्हेयर टायर बघतोच. मागं-पुढं वेगळं माप असलेल्या गाडीत मागचे टायर आधी संपतात आणि पुढं फिरवता येत नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळी मागचे दोनच घ्यावे लागणार, तेव्हा मॉडेलचं पूर्ण नाव फोटो काढून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी परत पुढं एक आणि मागं एक. आणि बसवून झाल्यावर टायर प्रेशरचा सेन्सर गाडीच्या मेनूतनं रीसेट करा, जुन्या टायरचे आकडे धरून बसला तर विनाकारण दिवा लागतो.